तिसरा सिलिंडर

“आता ऐका,” गाडीच्या खिडकीतून मान बाहेर काढत आमचा ड्रायव्हर, सावकाश, म्हणाला. “आत्तापर्यंत शहाण्यासारखी चालली. काटा मधोमध आला की हिचा वेडेपणा सुरू.”

तापमानाचा काटा मधल्या रेघेला टेकला आणि इंजिनाची लय मोडली. चालत्या जनावराचा एक पाय लचकावा तसे गाडीचे धूड ठरावीक अंतराने एका बाजूला हिसकू लागले. मागे सायलेन्सरच्या तोंडातून पोकळ फुसकारे येऊ लागले. आमच्या धंद्यात याला मिसिंग म्हणतात. चारांपैकी एक सिलिंडर आपल्या पाळीला काम करत नाही आणि उरलेले तिघे त्याचे ओझे ओढत राहतात.

“बंद कर,” मी म्हणालो.

संस्थेचे व्यवस्थापक, आमचे साहेब, फाईल छातीशी धरून शेजारी उभे होते. वयाने माझ्या मुलापेक्षा लहान. पण बोलण्यात कधी उणा शब्द नाही.

“नाना, चार वाजता मला अहवाल पाठवायचाय,” ते म्हणाले. “तक्रारदाराला आजची तारीख दिलीय. कारण आणि जबाबदार व्यक्ती, दोन्ही रकाने भरून हवेत.”

“भरू.”

“एक रकाना तसा भरलेलाच आहे म्हणा,” असे म्हणून त्यांनी क्षणभर बॉनेटपाशी उभ्या असलेल्या वायरमनबाईंकडे पाहिले आणि ते आपल्या काचेच्या खोलीत निघून गेले.

आमची संस्था घरी खिळलेल्या रुग्णांना डायलिसिससाठी रुग्णालयात नेते आणि परत आणून सोडते. गाड्या सात. त्यांच्या कार्यशाळेचा फोरमन मी. निवृत्त होऊन तीन वर्षे झाली होती, तरी दरवर्षी एक वर्षाची मुदतवाढ मिळत होती. ही गाडी सातांत सर्वांत जुनी. चार लाख बारा हजार किलोमीटर चाललेली. तिच्या ड्रायव्हरने वेगाचा काटा चाळिसापुढे जाऊ दिल्याचे कोणाच्या ऐकिवात नव्हते, म्हणून त्याचे नाव सावकाश पडले. त्याच्या खऱ्या नावाने हाक मारली तर तोही मागे वळून पाहत नसे.

मागच्या गुरुवारी ही गाडी दोन रुग्णांना घेऊन परत येत असताना उड्डाणपुलाच्या चढावर बंद पडली आणि मागे घसरू लागली. सावकाशने हँडब्रेक ओढून ती थांबवली. पण त्या हिसक्याने एक आजी चाकाच्या खुर्चीतून पुढे कलंडल्या. कपाळाला तीन टाके पडले. आजींच्या मुलाने लेखी तक्रार केली आणि शेवटी एकच वाक्य अधोरेखित केले : हे कोणामुळे झाले, त्याचे नाव मला हवे.

शुक्रवारी मी प्राथमिक अहवाल लिहिला. तांत्रिक महाविद्यालयात आम्हाला अहवाल लिहिण्याचे स्वतंत्र शिक्षण मिळाले होते आणि माझ्या अहवालात सहसा खाडाखोड नसते. मी लिहिले : ‘प्रज्वलन यंत्रणेत दोष संभवतो. पाच आठवड्यांपूर्वी वायरिंग बदलण्यात आले असून त्या कामाची तपासणी व्हावी.’ ‘संभवतो’ हा शब्द मी विचारपूर्वक वापरला होता. साहेबांनी तो वाचला नाही. त्यांनी दुसरे वाक्य वाचले, आणि ते वायरिंग वायरमनबाईंनी बदलले होते.

वायरमन हे पदाचे नाव. त्या पदावर बाई आल्या तेव्हा कोणीतरी पुढे बाई जोडून मोकळे झाले. चाळिशीच्या, कंत्राटी. शिक्षण हातांनी घेतलेले, कागद कुठलाच नाही. अंबाड्यात टेस्टर खोचलेला असे. साहेबांच्या फाईलमध्ये त्यांचे कंत्राट संपवण्याचे पत्र टंकून तयार होते आणि त्यात ‘निष्काळजीपणा’ हा शब्द होता. असा शब्द नावापुढे लागलेल्या माणसाला रुग्णांच्या गाडीला पुन्हा कोणी हात लावू देत नाही. त्यांच्या घरी सासू आणि दोन शाळकरी मुली होत्या. हे सर्व आवारात सर्वांना ठाऊक होते आणि सर्वांना ठाऊक आहे हे त्यांनाही ठाऊक होते.

“चार दिवसांत प्लग बदलले, वायरी बदलल्या, कॅप बदलली, कॉईल बदलली,” त्या म्हणाल्या. “आता मीच तेवढी बदलायची राहिलेय. ते साहेब बघतायत.”

“तुम्ही सगळं एकदम बदललंत, म्हणून काही कळलं नाही. एका वेळी एकच बदल करायचा आणि फरक बघायचा.”

“ज्याच्याकडे वेळ असतो त्याने एका वेळी एक करावं, नाना. माझ्याकडे चार वाजेपर्यंतचा आहे.”

“म्हणूनच एक एक,” मी म्हणालो आणि बॉनेट वर केले.

सावकाशने इंजिन सुरू केले. बाईंनी रबरी मुठींच्या पकडीने पहिल्या प्लगची वायर उपसली. इंजिन दबले, थरथरले. वायर परत बसली. दुसरी, पुन्हा दबले. तिसरी उपसली आणि काहीही झाले नाही. जो मुळात काम करत नाही त्याला काढून घेतल्याने काय फरक पडणार? चौथीला इंजिन पुन्हा दबले.

“तीन नंबर,” सावकाश आतून म्हणाला. “आमच्या घरातही तिसऱ्याचंच डोकं तिरकं.”

“तू कितवा?” बाईंनी विचारले.

“तिसरा.”

त्या हसल्या नाहीत. एरवी हसल्या असत्या.

तिसऱ्याचा प्लग पहिल्याला लावला, पहिल्याचा तिसऱ्याला. दोष तिसऱ्यातच राहिला. वायरींची अदलाबदल केली, दोष हलला नाही. बाईंनी प्लग बाहेर काढून इंजिनाच्या अंगाला टेकवला आणि सावकाशला स्टार्टर मारायला सांगितले. टक् टक् करत ठिणगी पडली.

“निळी आहे,” त्या म्हणाल्या. “याहून निळी हवी असेल तर आभाळातून आणावी लागेल.”

ठिणगी खरोखरच उत्तम होती. मी मान हलवली. पण तोंडाने कबूल केले नाही. मग पेट्रोल आणि हवा ज्या नळीने आत जातात तिच्या जोडांवर फवारा मारून पाहिला. तिथे फट असती तर इंजिनाचा आवाज बदलला असता. तो बदलला नाही. साडेअकरा वाजले. साहेब काचेआडून दोनदा डोकावून गेले होते.

“आता काय राहिलं?” बाईंनी विचारले.

“हवा, पेट्रोल, ठिणगी आणि दाब. चारच गोष्टी असतात. तीन झाल्या.”

“मग दाब.”

“दाब मी स्वतः तपासलाय, शुक्रवारी. चारही सिलिंडर साडेअकरा किलोच्या आसपास.” मी खिशातला कागद काढून दाखवला.

त्यांनी कागद हातात घेतला नाही. “गार असताना तपासलात की गरम?”

“गार. गाडी ओढून आणली होती.”

“मी इंजिनातली नाही, नाना, तुम्ही हसाल. पण आजार जर अंग तापल्यावर येतो, तर नाडी गार असताना बघून काय उपयोग?”

मी हसलो नाही. दुसऱ्या वर्षाच्या प्रात्यक्षिकांत पहिलीच सूचना होती : कॉम्प्रेशनची, म्हणजे दाबाची, चाचणी इंजिन कामाच्या तापमानावर आणूनच घ्यावी. हे वाक्य मी स्वतः कितीकांना ऐकवले असेन. शुक्रवारी कार्बोरेटर उघडून बसलो होतो, ते गुंडाळून इंजिन तापवत बसायचा कंटाळा आला; शिवाय तापलेले प्लग बोटे भाजतात. दोष वायरिंगमध्ये आहे हे मनाने तोवर ठरवून टाकले होते, आणि चाचणी त्या ठरलेल्या उत्तराच्या सोयीने झाली होती.

इंजिन पुन्हा तापवले. चारही प्लग काढताना उजव्या हाताची दोन बोटे पोळली. दाबाचे घड्याळ पहिल्या छिद्रात बसवले. साडेअकरा. दुसऱ्यात अकरा. तिसऱ्यात काटा सहापर्यंत चढला आणि तिथेच थांबला. सावकाशने आणखी दोनदा स्टार्टर मारला. सहाच. चौथ्यात साडेअकरा.

“सहा,” बाई हळूच म्हणाल्या. “माझ्या वायरीने दाब कमी होतो का हो?”

“नाही.”

“मग लिहा तसं.”

“आधी कारण कळू दे. गळती पिस्टनच्या रिंगांतून आहे की व्हॉल्व्हमधून?”

तिसऱ्यात चमचाभर तेल सोडले. रिंगा झिजल्या असत्या तर तेलाने फट भरून दाब वर आला असता. काटा सहावरच थांबला. म्हणजे व्हॉल्व्ह. म्हणजे आता वरचे झाकण उघडणे भाग होते.

त्या झाकणाच्या बोल्टवर एक पिवळा ठिपका होता.

ठिपक्याची पद्धत माझीच. वीस वर्षांपूर्वी अर्ध्या ज्ञानाचे हात वाटेल ते झाकण उघडत आणि बोल्ट पिळून ठेवत, म्हणून मी स्वतः बंद केलेल्या प्रत्येक कामावर ऑइलपेंटचा ठिपका ठेवू लागलो. त्याचा अर्थ आवारात सर्वांना पाठ होता : हे नानांनी बंद केले आहे, इथे बघण्यासारखे काही नाही.

“शनिवारी मी म्हणाले होते, हे पण उघडून बघू या,” बाई म्हणाल्या. “तुम्ही म्हणालात, तिथे माझा ठिपका आहे.”

मी पाना लावला.

हे काम वाचकाला थोडक्यात सांगतो. प्रत्येक सिलिंडरला दोन व्हॉल्व्ह असतात; एक मिश्रण आत घेणारा, दुसरा धूर बाहेर सोडणारा. व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा दांडा यांच्यात केसासारखे अंतर ठेवावे लागते आणि ते पोलादाच्या पातळ पात्यांनी मोजतात; या कामाला आम्ही टॅपेट लावणे म्हणतो. या इंजिनात आतल्याला वीसची पाती, म्हणजे मिलिमीटरचे वीस शतांश, बाहेरच्याला तीसची. अंतर फार कमी झाले तर व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही. दाब तिथून निसटतो. इंजिन तापले की धातू फुगून ते अंतर आणखी घटते.

तिसऱ्याच्या बाहेरच्या व्हॉल्व्हखाली मी तीसची पाती घालून पाहिली. गेली नाही. वीसची गेली नाही. दहाची नाही, पाचचीही नाही. अंतर उरलेलेच नव्हते.

मग आतल्या व्हॉल्व्हखाली वीसची पाती घातली. ती सैल गेली, नुसती खुळखुळली. मी पंचवीसची घातली, तीही सैल. तीसची घातली आणि हात जागीच थांबला. घट्ट नाही, सैल नाही; पाती ओढताना बोटांना जाणवेल इतकीच ओढ. ही ओढ चाळीस वर्षांत माझ्या बोटांनी ठरवलेली आहे. दुसऱ्याने लावलेले टॅपेट मी डोळे मिटून ओळखतो, आणि माझे स्वतःचेही.

या इंजिनातले व्हॉल्व्ह आरशातल्यासारखे मांडलेले असतात. पहिल्या सिलिंडरला आत-बाहेर, दुसऱ्याला बाहेर-आत, तिसऱ्याला पुन्हा आत-बाहेर, चौथ्याला बाहेर-आत. चार महिन्यांपूर्वी टॅपेट लावताना कोणीतरी दुसऱ्याची चाल तशीच तिसऱ्यावर चालवली होती. आतल्याला तीस, बाहेरच्याला वीस. चौथ्याला तीच चाल आपोआप बरोबर ठरली, म्हणून चूक शेवटी हाताला लागली नाही. वीसवर लावलेला बाहेरचा व्हॉल्व्ह जास्त तापत गेला, त्याची बैठक झिजत गेली आणि चार महिन्यांत अंतर शून्यावर आले. टॅपेट मी सोडून या आवारात कोणी लावत नाही.

“काय आहे?” बाईंनी विचारले.

“टाईट झालंय. व्हॉल्व्ह बंद होत नाही.”

“म्हणजे वायरिंग नाही.”

“वायरिंग नाही.”

त्या पालथ्या घातलेल्या खोक्यावर खाली बसल्या. अंबाड्यातला टेस्टर काढून त्यांनी तो मांडीवर ठेवला. अंतर का कमी झाले हे त्यांनी विचारले नाही. त्या इंजिनातल्या नव्हत्या. मी सांगितले नाही.

“पंधरा दिवसांमागे मी म्हटलं होतं, वर काहीतरी टकटकतंय,” सावकाश म्हणाला. “तुम्ही म्हणालात, वाजतंय तोवर बरं, गप्प झालं की सांग.”

“म्हणालो होतो.”

ते सैल पडलेले आतले टॅपेट वाजत होते. घट्ट झालेले त्याच्या शेजारी गप्प होते, आणि मी सावकाशला बरोबर उलटे शिकवले होते.

अंतरे नीट लावली. आत वीस, बाहेर तीस. प्रत्येक दोनदा मोजले, एकदा बसून आणि एकदा उभ्याने. दाब अकरापर्यंत आला. व्हॉल्व्ह अजून जळला नव्हता. आणखी एखादा आठवडा गेला असता तर जळला असता. गाडी सुरू केली, काटा मध्यावर आला, मध्यावर राहिला. इंजिन एका लयीत चालत होते. सावकाशने पाण्याने भरलेला पेला बॉनेटखालच्या पत्र्यावर ठेवला. पाण्यावर फक्त बारीक थरथर उठली.

“चार लाखांची म्हातारी,” तो म्हणाला, “कुठे दुखतंय ते सांगत होती बिचारी. आपणच बहिरे.”

एक वाजला होता. डबा न उघडता मी कामाची जुनी कार्डे काढून बसलो. या गाडीचे कार्ड सापडले. तारीख, वार मंगळवार, वेळ सकाळी दहा ते सव्वाअकरा, काम टॅपेट, सही माझी. अक्षर स्वच्छ. त्या दिवसाची बाकीची सर्व कार्डे पाहिली. कोणती गाडी अडली नव्हती, कोणी रजेवर नव्हते, साहेबांनी मध्ये बोलावल्याची नोंद नव्हती.

तेवढ्यात घरून बायकोचा फोन आला.

“अहो, डबा खाल्लात का?”

“खातो आता. एक विचारू? चार महिन्यांपूर्वी, महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी घरी काही झालं होतं का? कोणी आजारी, काही भांडण?”

“आत्ता हे काय मध्येच?”

“आठवून बघ.”

तिने खरेच आठवून पाहिले. ती दिनदर्शिकेवर दूध, गॅस, डॉक्टर असे सगळे टिपून ठेवते. पाने उलटल्याचा आवाज आला.

“त्या मंगळवारी काही नाही,” ती म्हणाली. “सोमवारी गॅस आला होता. मंगळवार मोकळा आहे. तुम्ही नेहमीसारखे गेलात, नेहमीसारखे आलात. आपलं भांडण तरी कशावरून होणार, तुम्ही बोलता कुठे? का हो?”

“काही नाही.”

“आवाज असा का येतोय? पुन्हा चहावरच भागवलंत वाटतं.”

मी फोन ठेवला. ताप, भांडण, वाईट बातमी. यांपैकी काहीही मला चालले असते. त्या मंगळवारी मी धडधाकट होतो, शांत होतो, हाताखाली पुरेसा उजेड होता, आणि तरीही माझ्या हाताने दोन पात्यांची अदलाबदल केली आणि ती मला कळली नाही.

तीन वाजता साहेबांच्या खोलीत गेलो. कारणाच्या रकान्यात मी लिहिले : ‘दीर्घ वापरामुळे व्हॉल्व्हच्या बैठकीची झीज.’ यातला एकही शब्द खोटा नव्हता. बैठक झिजलेलीच होती. वायरिंगचा संबंध नाही, हेही मी तोंडी सांगितले.

साहेबांनी वाचले. “छान. गाडी सुरू झाली हे उत्तम. आता हा दुसरा रकाना.”

“झीज आहे, साहेब. त्याला जबाबदार कोण असणार?”

“नाना, हे तुम्हाला आणि मला पटतं. पण त्या माणसाच्या आईला टाके पडलेत. झिजेला नाव नसतं आणि त्याला नाव पाहिजे. संचालक मंडळाचंही तेच म्हणणं आहे.” त्यांनी फाईल उघडली. “तुमच्या पहिल्या अहवालात वायरिंगच्या कामाचा उल्लेख आहे. इंजिनाशी शेवटचं काम त्यांचंच झालेलं. तेवढं पुरेसं आहे. तसंही पत्र तयार आहे.”

“पण वायरिंगमध्ये दोष नव्हता.”

“मग कशात होता?”

काचेपलीकडे बाई आवारातल्या नळावर हात धूत होत्या. सावकाश त्यांना काहीतरी सांगत होता, आणि चार दिवसांत पहिल्यांदा त्या हसत होत्या. ओले हात अंगापासून दूर धरून, मान मागे टाकून. साहेबांनी पत्र फाईलमधून काढून टेबलावर ठेवले आणि ते पेनाचे टोपण उघडू लागले.

“तो अहवाल जरा इकडे द्या,” मी म्हणालो.

झिजेच्या त्या ओळीवर मी एक सरळ रेघ मारली आणि शेजारी आद्याक्षरे केली. खाडाखोड करायचीच तर ती अशी करावी असे आम्हाला शिकवले होते. खाली लिहिले : ‘तिसऱ्या सिलिंडरच्या दोन्ही व्हॉल्व्हची अंतरे परस्परांच्या जागी लावली गेली. त्यामुळे बाहेरचा व्हॉल्व्ह गरम अवस्थेत उघडा राहिला.’ जबाबदार व्यक्तीच्या रकान्यात माझे नाव लिहिले. पूर्ण नाव, वडिलांच्या नावासह.

साहेबांनी ते दोनदा वाचले.

“चार लाख बारा हजार किलोमीटर,” ते म्हणाले. “झीज म्हटलं असतंत तर कोणीही मानलं असतं. नावाचं मी काहीतरी बघितलं असतं.”

“आतल्या व्हॉल्व्हचं अंतर झिजून वाढत नाही, साहेब. आणि नेमकं तीसवर तर मुळीच येऊन थांबत नाही. ज्याला कळतं तो एका मिनिटात ओळखेल.”

“इथे ज्याला कळतं असे तुम्हीच आहात.”

“हो.”

त्यांनी बाईंचे पत्र उचलले, आडवे फाडले, मग उभे फाडले. “मुदतवाढीचं मला आता मंडळाला सांगता येणार नाही. महिनाअखेरपर्यंत या. तोवर तुमच्या प्रत्येक कामावर दुसरी सही लागेल.”

“कोणाची?”

“दुसरं कोण आहे इथे? वायरमनबाईंची.”

बाहेर येऊन मी बाईंना सांगितले. जे झाले ते क्रमाने सांगितले. मंगळवार, दोन पात्या, पहिला अहवाल, दुसरा अहवाल. सावकाश तिथून हळूच बाजूला झाला.

“तुमच्या लक्षात कधी आलं?” सांगून झाल्यावर त्यांनी विचारले.

“झाकण उघडलं तेव्हा. बारा वाजता.”

त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले. “आणि आत्ता साडेतीन.”

“हो.”

“चार दिवस, नाना. चार दिवस मी रात्री उठून माझ्याच हातांकडे बघत होते. कुठली वायर चुकली असेल, कुठे नीट आवळलं नसेल. आजींचं कपाळ डोळ्यांसमोरून जात नव्हतं. सासूबाई म्हणाल्या, चूक झाली असेल तर कबूल करून टाक, मन हलकं होईल. मी करणार होते. आज चार वाजता मी कबूल करणार होते.”

मी ‘माफ करा’ म्हणालो. तो शब्द त्यांनी घेतला की नाही ते कळले नाही, त्यांनी टेस्टर पुन्हा अंबाड्यात खोचला आणि माझ्याकडे न बघता विचारले, “त्या मंगळवारनंतर आणखी किती गाड्यांची टॅपेट लावलीत?”

हा प्रश्न माझ्या मनात आला नव्हता. तो मला आधी सुचायला हवा होता.

“पाच,” मी म्हणालो.

“पाचही उद्या सकाळी पेशंट आणायला जाणार.”

“हो.”

“मग आजच उघडायच्या. मोजायचं कसं ते दाखवा मला. मोजणार मी. तुम्ही नुसतं लिहायचं.”

साडेपाचच्या सुमारास शेवटच्या फेऱ्या संपवून गाड्या एकामागून एक आवारात शिरल्या. इंजिने तापलेलीच होती. मोजणीला तशीच लागतात. पहिली गाडी दिव्याखाली घेतली. झाकण मी उघडून दिले. आतला कोणता, बाहेरचा कोणता हे बोटाने दाखवले, पातीची ओढ हाताला कशी जाणवली पाहिजे हे जुन्या पत्र्यावर समजावले. त्यांनी ते तीनदा करून पाहिले, चौथ्यांदा मान हलवली.

मग मी मागे सरलो. एकाने मोजावे आणि दुसऱ्याने लिहावे, आणि लिहिणाऱ्याने मोजणाऱ्याच्या हाताकडे पाहू नये, हा नियम आहे. मी इंजिनाकडे पाठ केली, कार्ड भिंतीला टेकवले आणि त्यावर आठ चौकोन आखले.

“पहिला,” मागून त्यांचा आवाज आला. “आत वीस.”

मी लिहिले.

“बाहेर तीस.”

लिहिले.

“दुसरा. बाहेर… थांबा हां. तीस. आत वीस.”

ड्रायव्हर लोक आपापल्या गाड्यांपाशी उभे होते. घरी जायची वेळ झाली होती, पण कोणी हलले नव्हते. पात्यांच्या जुडग्यातून एक पाती सुटून दुसरी लागल्याची बारीक किणकिण ऐकू आली.

“तिसरा,” त्या म्हणाल्या, आणि वाकल्या असाव्यात, कारण भिंतीवरची त्यांची सावली लहान झाली.

पेन्सिलचे टोक पाचव्या चौकोनावर धरून मी उभा राहिलो.